आपलं वचन, आपल्या शब्दांत

लग्न ठरलं की याद्या सुरू होतात. कार्यालय, केटरर, शालू, मानपान, पत्रिकेचा मजकूर, फोटोग्राफर. अलीकडे या याद्यांत आणखी एक ओळ दिसू लागली आहे: वधूवरांनी सर्वांसमक्ष, स्वतःच्या शब्दांत एकमेकांना द्यायचं वचन. कुणी ते अंतरपाट धरण्याआधी देतं, कुणी सप्तपदीच्या वेळी, कुणी नोंदणी विवाहानंतर संध्याकाळी घरच्या माणसांत. यादीतली बाकीची कामं दुसऱ्यावर सोपवता येतात, हे मात्र दोघांनाच करावं लागतं. आणि नेमकं हेच काम शेवटच्या आठवड्यावर ढकललं जातं. मेंदी वाळेपर्यंत मोबाइलवर शोधाशोध करून चार गोड वाक्यं उतरवून घेतली जातात. ती ऐकायला बरी वाटतात, पण दोन दिवसांनी बोलणाऱ्यालाही आठवत नाहीत.

असं वचन लिहिणाऱ्या जोडप्यांसोबत बसण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. त्यावरून माझं एक मत ठाम झालं आहे: जे पाळलं की नाही हे घरात रोज दिसतं, ते खरं वचन. ‘तू माझं जग आहेस’ ही स्तुती झाली. ‘तुझ्या परीक्षेच्या महिन्यात घरचा स्वयंपाक माझ्याकडे’ हे वचन झालं. स्तुतीलाही लग्नात जागा आहे, पण तेवढ्यावर संसार उभा राहत नाही. पुढचं सगळं मार्गदर्शन या एका फरकाभोवती आहे.

ही रीत परकी नाही

घरातली वडीलधारी माणसं ‘हे कुठलं नवीन फॅड?’ असं विचारतील, तेव्हा त्यांना सांगायला आपल्याकडे पुष्कळ आहे. लग्नात वचन देणं ही आपल्याच मातीतली रीत आहे.

आश्वलायन गृह्यसूत्रातली सप्तपदी पाहा. एकेका पावलाला एकेक हेतू आहे: अन्न, बळ, समृद्धी, सुख, संतती, ऋतू आणि सातव्या पावलाला सख्य. संसाराला काय काय लागतं याची इतकी नेमकी यादी आणि तिचा शेवट मैत्रीवर. त्यात उणीव एकच, की शब्द वराच्या तोंडी आहेत आणि वधू नुसती पावलं टाकते.

ही उणीव जोतीराव फुल्यांनी ओळखली. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला भटजीशिवाय पहिला सत्यशोधक विवाह लागला. पुढे १८८७ मध्ये फुल्यांनी या पद्धतीच्या पूजाविधींची पुस्तिका मंगलाष्टकांसह प्रसिद्ध केली. त्या मंगलाष्टकांत वधू स्वतः बोलते. स्त्रियांच्या हक्कांबद्दल ती वराकडून शब्द मागते आणि वर सर्वांसमोर तो देतो. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी महाराष्ट्रात वधूच्या तोंडी अटी घातल्या गेल्या होत्या, हे आजच्या प्रत्येक मुलीला माहीत असायला हवं.

बौद्ध विवाहात त्रिसरण-पंचशीलानंतर वधूवर प्रतिज्ञा घेतात. तिचा आधार दीघनिकायातलं सिगालोवाद सुत्त. त्यात पतीची पाच आणि पत्नीची पाच कर्तव्यं सांगितली आहेत. पत्नीचा मान राखणं, तिच्याशी एकनिष्ठ राहणं, घरातला अधिकार तिच्या हाती देणं ही त्यांतली पतीची कर्तव्यं. आणि अगदी घरगुती पातळीवर म्हणाल तर आपला उखाणा आहेच. चारचौघांत जोडीदाराचं नाव घेऊन मनातलं बोलायचं, आणि ते ऐकायला सगळ्या बायका दाटीवाटीनं उभ्या. तेव्हा आजीला ‘आम्ही वचन वाचणार आहोत’ असं सांगण्याऐवजी ‘आम्ही जरा लांब उखाणा घेणार आहोत, दोघंही’ असं सांगून पाहा.

कायद्यानं याची जागा कुठे?

स्वतः लिहिलेलं वचन हे विधीला जोडून येतं. ते विधीची जागा घेत नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ प्रमाणे वर किंवा वधू यांच्या रूढीतल्या विधींनी विवाह लागतो, आणि त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल टाकल्यावर तो पूर्ण होतो. या कायद्याखालच्या लग्नात विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्यानं विवाह सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून ‘विधी वगळू, फक्त वचनं वाचू आणि दाखला काढू’ असा बेत असेल तर तो सोडा.

धार्मिक विधी नकोच असतील, तर विशेष विवाह कायदा, १९५४ चा सरळ रस्ता आहे. तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. विवाह कुठल्याही पद्धतीनं साजरा करता येतो, अट एवढीच की विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना पती-पत्नी म्हणून स्वीकारल्याचं कायद्यातलं वाक्य उच्चारलं पाहिजे. ते दोघांना समजेल अशा कोणत्याही भाषेत चालतं, म्हणजे मराठीतही. कार्यालयात गर्दी असते आणि पुढचं जोडपं दाराशी ताटकळत असतं. तिथे कायद्याचं वाक्य म्हणा, सह्या करा, आणि आपलं लांब वचन संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी राखून ठेवा. ठरावीक फी भरून अधिकाऱ्याला जवळच्या दुसऱ्या ठिकाणी बोलावण्याची तरतूदही कायद्यात आहे. तसं हवं असेल तर नोटीस देतानाच चौकशी करा.

वसईतल्या किंवा गोव्यातल्या कॅथलिक लग्नात संमतीचे शब्द चर्चनं ठरवून दिलेले असतात. निकाहमध्ये इजाब-कबूल, म्हणजे प्रस्ताव आणि स्वीकार, महत्त्वाचं. अशा ठिकाणी फादरांशी किंवा काझींशी आधी बोलून घ्या. बहुतेकदा स्वतःच्या शब्दांसाठी रिसेप्शन किंवा वलिमा ही योग्य जागा ठरते.

आधी बोला, मग लिहा

दीड महिना आधी सुरुवात करा. पत्रिका छापायला दिल्या की लगेच एक संध्याकाळ या कामासाठी मोकळी ठेवा. घरी नको, फोनवर तर नकोच. कुठल्यातरी बागेत किंवा शांत हॉटेलात समोरासमोर बसा आणि पुढच्या प्रश्नांवर बोला. उत्तरं प्रत्येकानं आपापल्या वहीत टिपायची.

• ‘या माणसासोबत राहता येईल’ असं पहिल्यांदा कधी वाटलं? जागा कुठली होती, कोण काय करत होतं?

• राग आला की मी काय करतो? आवाज चढतो की अबोला धरतो? समोरच्यानं त्या वेळी काय करावं असं मला वाटतं?

• पगारातलं काय एकत्र, काय वेगळं? आपापल्या आईवडिलांना दरमहा काही द्यायचं आहे का? कुणाच्या डोक्यावर कर्ज आहे का?

• दोन्हीकडचे आईवडील आजारी पडले तर कोण काय करणार? गणपतीला कुठे, दिवाळीला कुठे?

• एकाची बदली झाली, शिकायचं ठरलं, नोकरी गेली, तर?

• मूल हवं का, कधी? हे वचनात यायची गरज नाही, पण लग्नाआधी बोलणं झालेलंच बरं.

ठरवून केलेलं लग्न असेल, कांदेपोह्यांपासून लग्नापर्यंत मोजकेच महिने मिळाले असतील, तर ‘आमच्याकडे सांगायला प्रसंगच नाहीत’ असं वाटेल. तरी प्रसंग असतातच. पहिल्या भेटीत तो वेटरशी कसा बोलला, बस चुकली तेव्हा तिनं काय केलं, याद्यांच्या वेळी देण्याघेण्याचा विषय निघाल्यावर कोण काय म्हणालं. एक पाहिलेला प्रसंग पुरतो.

या गप्पांमधून कधीकधी मतभेद वर येतात. घाबरू नका. ते लग्नाआधी कळले, हा या सगळ्या खटाटोपाचा सर्वांत मोठा फायदा आहे. उलट एखादा विषय काढताच समोरचा चिडून गप्प बसत असेल, तर वचन बाजूला ठेवा आणि आधी त्या विषयाचा निकाल लावा.

रचना: चार टप्पे

पहिला मसुदा लिहिताना भाषेचा विचार करू नका. मग पुढच्या चार टप्प्यांत तो बसवा.

एक, संबोधन. रोज जे नाव घेता तेच घ्या. घरात ‘अगं’ म्हणत असाल तर मंचावर ‘हे प्राणप्रिये’ नको. कुणी जोडीदाराला ‘अहो’ म्हणत असेल तर तेच राहू द्या. माईकसमोर एकदम अरे-तुरेवर यायची सक्ती नाही.

दोन, एक प्रसंग. तीन-चार वाक्यांत. त्या प्रसंगातून समोरच्या माणसाबद्दल तुम्हाला काय कळलं, ते एका वाक्यात.

तीन, वचनं. तीन किंवा चार, त्याहून जास्त नकोत. जास्त झाली की ऐकणाऱ्याच्या लक्षात राहत नाहीत आणि देणाऱ्याच्याही. त्यांतलं निदान एक वचन पैशाबद्दल किंवा घरकामाबद्दल असावं, कारण बहुतेक घरांत कुरबूर तिथूनच सुरू होते.

चार, शेवटचं वाक्य. छोटं, सरळ. सुविचार नको.

एकूण मजकूर दीडशे ते दोनशे शब्दांचा ठेवा. सावकाश वाचला तर साधारण दोन मिनिटं होतात. दोघांनी लांबी आधी ठरवून घ्या. एकाची दोन पानं आणि दुसऱ्याच्या चार ओळी झाल्या, तर सगळ्या मंडपाला ते खटकतं आणि चार ओळीवाल्याला वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

कच्चं वाक्य पक्कं कसं करायचं?

मसुद्यातल्या प्रत्येक वचनाला एकच प्रश्न विचारा: लग्नानंतर सहा महिन्यांनी मी हे पाळतोय का, हे जोडीदाराला सांगता येईल का? येत नसेल तर वाक्य बदला.

‘तुला कायम सुखात ठेवीन.’ हे कुणाच्याच हातात नाही. त्याऐवजी: ‘तू आजारी पडलीस तर मी रजा टाकून घरी थांबेन.’

‘तुझ्या स्वप्नांना साथ देईन.’ कोणत्या स्वप्नाला, कशी? त्याऐवजी: ‘तुझी पीएच.डी. पूर्ण होईपर्यंत रविवारची सकाळ तुझी. त्या वेळचे पाहुणे, बाजार आणि स्वयंपाक मी बघेन.’

‘तुझ्या आईवडिलांना माझेच मानीन.’ भावना चांगली, पण मोघम. त्याऐवजी: ‘तुझ्या आईवडिलांना दवाखान्यात न्यायच्या निम्म्या फेऱ्या माझ्या.’

‘आपण कधी भांडणार नाही.’ हे पहिल्याच महिन्यात खोटं ठरेल. त्याऐवजी: ‘भांडणात तुझ्या माहेरचा उद्धार करणार नाही.’

क्रियापदाकडे लक्ष द्या. ‘प्रयत्न करीन’, ‘जमेल तसं’, ‘शक्यतो’ हे शब्द आले की वचन ढिलं पडतं. जे खात्रीनं जमणार नाही ते लिहूच नका. जे लिहाल ते ‘करीन’ किंवा ‘करणार नाही’ असंच लिहा.

आणि एक गोष्ट कळकळीनं सांगते. ‘काहीही झालं तरी सहन करीन’, ‘तू म्हणशील ते ऐकेन’, ‘कधीच तक्रार करणार नाही’ अशी वचनं कुणीही देऊ नयेत, मुलींनी तर अजिबात नाही. टाळ्या भरपूर मिळतात. पण अपमान किंवा मारहाण सोसण्याची तयारी सर्वांसमोर जाहीर करायची नसते. वचन दोन बरोबरीच्या माणसांत होतं.

एक नमुना, जवळून

चाकणच्या एका कारखान्यात पाळीनं काम करणारा मुलगा आणि रुग्णालयात परिचारिका असलेली मुलगी माझ्याकडे आली होती. तिच्या पहिल्या मसुद्यात चंद्र होता, समुद्र होता, सात जन्म होते. मी विचारलं, ‘तुमची भेट कधी होते?’ ती म्हणाली, ‘त्याची तिसरी पाळी आणि माझी नाइट ड्यूटी एकाच आठवड्यात आली तर सकाळी. नाहीतर होतच नाही.’ मग तिच्या वडिलांच्या आजारपणाचा विषय निघाला आणि पंधरा मिनिटांत चंद्र-समुद्र आपोआप गळून पडले. त्यांच्या परवानगीनं, थोडे तपशील बदलून, तिचं अंतिम वचन इथे देते:

‘बाबा आयसीयूत होते तेव्हा तू रात्रपाळी संपवून थेट दवाखान्यात यायचास. “काही होणार नाही” असं एकदाही म्हणाला नाहीस. आईला खाली कँटीनमध्ये न्यायचास, चहा पाजायचास आणि मग घरी झोपायला जायचास. अवघड वेळी तू बोलत बसत नाहीस, कामाला लागतोस, हे मला तेव्हा कळलं. म्हणून आज सगळ्यांसमोर मीही शब्द देते. आपल्यापैकी जो कामावरून थकून येईल त्याला आधी चहा, मग प्रश्न. हा नियम मी मोडणार नाही. वॉर्डातला राग तुझ्यावर काढणार नाही, आणि निघालाच तर झोपण्याआधी चूक कबूल करीन. माझा पगार, माझी बचत आणि माझं कर्ज तुझ्यापासून लपवणार नाही. घरात कुणाशी माझं बिनसलं तर मी थेट त्यांच्याशी बोलेन, तुझ्या हाती निरोप धाडणार नाही. या चार गोष्टींचा जाब तू मला कधीही विचारू शकतोस.’

त्याचं वचन आणखी छोटं होतं:

‘पहिल्या भेटीत तू मला विचारलंस, “स्वयंपाक येतो का?” मला येत नव्हता. मी म्हणालो, शिकेन. आज वरण, भात आणि दोन भाज्या येतात. पोळी अजून गोल होत नाही. तुझ्या नाइट ड्यूटीच्या आठवड्यात घरचा स्वयंपाक माझ्याकडे. दिवसा तू झोपलेली असताना घरात टीव्ही लागणार नाही आणि पाहुणे बोलावणार नाही. तुझ्या बाबांच्या तपासणीच्या तारखा माझ्याही मोबाइलमध्ये असतील. ओव्हरटाइम घ्यायचा की नाही हे तुला विचारून ठरवीन. तू विचारलेला पहिला प्रश्न मी विसरणार नाही.’

यात एकही अलंकार नाही. तरी दोघांच्या आया रडल्या, कारण त्या घरांत हे सगळं खरोखर घडलं होतं आणि पुढे घडणार होतं. हा नमुना उतरवून घेऊ नका. त्यातल्या चहाची, टीव्हीची, तपासणीच्या तारखेची जागा तुमच्या घरात कशानं घेतली आहे ते शोधा.

भाषा कोणती?

ज्या बोलीत तुम्ही भांडता त्याच बोलीत वचन द्या. घरात मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी किंवा कोकणी बोलत असाल तर माईकवर पुस्तकी मराठी आणायची गरज नाही. दोघांची मातृभाषा वेगळी असेल, मुलगी कोल्हापूरची आणि मुलगा चेन्नईचा, तर प्रत्येकानं प्रसंग आपल्या भाषेत सांगावा आणि निदान एक वचन जोडीदाराच्या भाषेत द्यावं. सासरच्या मंडळींना त्या एका वाक्याचं फार अप्रूप वाटतं. उच्चार आधी त्यांच्याच घरातल्या कुणाकडून घोटून घ्या.

विनोद चालतो, पण टोला नको. जुनी प्रेमप्रकरणं, कुणाचं आजारपण, देण्याघेण्यावरून झालेला तंटा, सासूसाठी मारलेली कोपरखळी, ‘हिनं मला होकार द्यायला किती छळलं’ असलं काहीही नको. जोडीदारानं फक्त तुम्हाला सांगितलेली गोष्ट वापरायची असेल तर आधी परवानगी घ्या. वचन फक्त स्वतःच्या वतीनं द्या. ‘माझी आई तुला मुलीसारखं वागवेल’ हे आईनं म्हणायचं.

मसुदा एकमेकांना आधी दाखवायचा का? मजकूर गुपित ठेवायचा असेल तर ठेवा, पण कुठल्या विषयांवर वचन देणार आहोत हे सांगून ठेवा. आणि दोन्ही मसुदे एका विश्वासू माणसाला, बहिणीला किंवा मित्राला, वाचायला द्या. लांबी, सूर आणि एखादं बोचणारं वाक्य ते माणूस पकडतं.

कार्यक्रमात कुठे बसवायचं?

मराठी लग्नाची एक अडचण आहे. अक्षता पडल्या की पाहुणे नवराबायकोला भेटायला मंचावर धावतात किंवा पंगतीकडे वळतात. लाजाहोम आणि सप्तपदी होते तेव्हा समोर मोजकी घरची माणसं उरलेली असतात. म्हणून आधी ठरवा: वचन कुणासमोर द्यायचं आहे?

सगळ्यांसमोर द्यायचं असेल तर मुहूर्ताच्या वीसेक मिनिटं आधी, अंतरपाट धरण्यापूर्वी. पाहुणे जागेवर बसलेले असतात, हातात अक्षता असतात, लक्ष मंचाकडे असतं. मात्र मुहूर्त चुकण्याची धास्ती सगळ्यांना असते, म्हणून वेळ काटेकोर पाळा. हार घातल्यानंतर लगेच बोलण्याचा बेत करू नका. त्या वेळी वाजंत्री, फटाके आणि गळाभेटी यांत कुणालाच काही ऐकू जात नाही.

जवळच्या माणसांसमोर द्यायचं असेल तर सप्तपदी. दोघांत मिळून सात वचनं, प्रत्येक पावलाला एकानं एक वाक्य, अशी रचना सुंदर होते. गुरुजी मंत्र म्हणतात, मग तुमचं वाक्य. फक्त एक ध्यानात ठेवा, होमाच्या धुरानं डोळे चुरचुरतात, तिथे लांब कागद वाचता येत नाही. ही सात वाक्यं पाठ हवीत.

निवांत द्यायचं असेल तर साखरपुडा किंवा रिसेप्शन. तिथे घाई नसते.

गुरुजींशी लग्न ठरल्यावर पहिल्याच भेटीत बोला, आयत्या वेळी नको. किती मिनिटं लागतील, कुठल्या विधीनंतर, हे कागदावर लिहून द्या. बहुतेक गुरुजी मुहूर्त सांभाळला जात असेल तर आनंदानं वेळ देतात. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीसारख्या संस्थेचे पुरोहित विधींचा अर्थ मराठीत सांगत लग्न लावतात, त्यांत स्त्रियाही आहेत. अशा पद्धतीत तुमचे शब्द सहज सामावले जातात. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही आधी कल्पना द्या. त्यांची बहुतेक भीती ‘काहीतरी वेडंवाकडं बोलतील’ एवढीच असते. आजोबांना मसुदा वाचून दाखवला की ती जाते.

वाचताना

मोबाइलवरून वाचू नका. नेमका त्याच वेळी कुणाचा तरी फोन येतो आणि मंचावरच्या दिव्यांत स्क्रीन दिसत नाही. जाड कागदाच्या एका पानावर मोठ्या अक्षरांत, ओळींत मोकळी जागा सोडून छापून घ्या. चष्मा लागत असेल तर तो जवळ ठेवा. लग्नात फोटोसाठी चष्मा काढून ठेवतात आणि मग अक्षरं दिसत नाहीत. मुंडावळ्या डोळ्यांसमोर येतात, त्या कागद हातात घेण्याआधी बाजूला सारून घ्या. दोन्ही कागद करवलीकडे द्या. एक जादा प्रत फोटोग्राफरसोबतच्या कुणा घरच्या माणसाकडे असू द्या.

कार्यालयाचा आवाज घुमतो. आदल्या दिवशी किंवा सकाळी साउंडवाल्याला भेटा, माईक तपासा, बॅटरी नवी घालायला सांगा. सनईची रेकॉर्ड त्या पाच मिनिटांसाठी पूर्ण बंद करायला लावा. नुसता आवाज कमी केला तरी शब्द गढूळ होतात. माईक ओठांपासून चार बोटांवर, आणि बांगड्यांचा हात शक्यतो कागदाला, दुसरा माईकला. नवरदेवाचा फेटा कानांवर आला असेल तर स्वतःचा आवाज नीट ऐकू येत नाही आणि माणूस उगाच ओरडतो. फेटा जरा वर बांधायला सांगा.

सराव मोठ्यानं करा. मनात वाचलेलं आणि ओठांतून निघालेलं यांत फरक असतो. जिथे जीभ अडखळते ते वाक्य सुटसुटीत करा. जिथे दर वेळी गळा भरून येतो तिथे पेन्सिलीनं खूण करा, त्या जागी थांबून श्वास घ्यायचा. मंचावर रडू आलं तर येऊ द्या. थांबा, पाणी प्या, पुन्हा त्याच वाक्यापासून सुरू करा. माफी मागू नका.

वाचताना पाहुण्यांकडे किंवा कॅमेऱ्याकडे नको, जोडीदाराकडे पाहा. निदान प्रत्येक वचनाच्या शेवटच्या शब्दाला नजर वर असू द्या. फोटोग्राफरला आधीच सांगा की त्या वेळी दोघांच्या मध्ये यायचं नाही आणि ‘पुन्हा एकदा बोला’ म्हणायचं नाही. आजीआजोबांना आणि कमी ऐकू येणाऱ्यांना पहिल्या रांगेत बसवा.

लग्नानंतर

कागद अल्बममध्ये चिकटवून टाकू नका. कपाटाच्या दाराला आतून लावा किंवा महत्त्वाच्या कागदांच्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे वेळेला हाती येईल. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला दोघांनी बसून तो पुन्हा वाचा. कुठलं वचन पाळलं गेलं, कुठलं नाही, ते स्वतःबद्दल सांगा, समोरच्याबद्दल नको. नोकरी बदलली, शहर बदललं, मूल झालं, की काही वचनं जुनी होतात. रात्रपाळीच संपली तर रात्रपाळीचं वचन कुठून पाळणार? ते खोडा आणि नव्या घडीला लागू पडेल असं नवं लिहा, दोघांच्या संमतीनं.

वचन मोडेलही. म्हणून तर ते नेमकं लिहायचं. ‘तू बदललास’ या तक्रारीला काय उत्तर द्यायचं हे कुणालाच कळत नाही. ‘या महिन्यात बाबांच्या तपासणीला दोन्ही वेळा मीच गेले’ या वाक्याला उत्तर आहे: ‘पुढच्या दोन्ही वेळा मी जातो.’ मोघम प्रेमातून मोघम तक्रारी निघतात आणि त्या वर्षानुवर्षं साचत जातात. नेमकं वचन मोडलं तरी ते कुठून दुरुस्त करायचं हे दोघांना ठाऊक असतं. एवढ्यासाठी दीड महिना आधी एक संध्याकाळ काढणं मुळीच महाग नाही. तारीख ठरली असेल तर ती संध्याकाळ आजच ठरवून टाका, आणि जाताना दोन वह्या न्यायला विसरू नका.